कुस्ती-व्यवस्थापनाच्या संगणकीय खेळांतील थकव्याचा हिशेब : मल्लेतर कर्मचाऱ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

व्यावसायिक कुस्तीच्या व्यवस्थापनावर आधारलेल्या संगणकीय खेळांत थकवा हा प्रामुख्याने मल्लाच्या शरीराचा गुणधर्म मानला जातो. पंच, निवेदक, रोड एजंट, रिंग उभारणारे कामगार यांचे श्रम या हिशेबात एक तर येत नाहीत किंवा कौशल्याच्या स्थिर आकड्यात विरून जातात. मल्लाचा थकवा त्याच्या स्वतःच्या कामगिरीत दिसतो, तर मल्लेतर कर्मचाऱ्याचा थकवा बहुधा दुसऱ्याच्या कामगिरीत दिसतो. हा भेद लक्षात न घेता मल्लांचीच मोजपट्टी इतरांना लावणे अपुरे आहे आणि त्यांना मोजणीबाहेर ठेवणे अन्यायकारक आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : व्यावसायिक कुस्ती, संगणकीय खेळ, प्रतिरूपण, थकवा, मल्लेतर कर्मचारी, अदृश्य श्रम.

१. प्रस्तावना

व्यवस्थापनाचा संगणकीय खेळ हा मुळात हिशेबाचा खेळ असतो. पैसा, वेळ, माणसे आणि लोकप्रियता यांचे आकडे खेळणाऱ्यापुढे मांडलेले असतात आणि त्या आकड्यांकडे पाहून त्याला निर्णय घ्यावे लागतात. जे आकड्यात उतरले त्याची काळजी घेतली जाते. जे उतरले नाही ते खेळणाऱ्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसते. त्यामुळे अशा खेळात काय मोजले आहे आणि काय मोजलेले नाही, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. इयान बोगोस्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पर्सुएसिव्ह गेम्स' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संगणकीय खेळ आपला युक्तिवाद मुख्यतः नियमांतून आणि प्रक्रियांतून मांडतात. या दृष्टीने पाहिल्यास थकव्याचा नियम हा श्रमाविषयीचा एक युक्तिवाद ठरतो. कोण श्रम करतो, कोणाला विश्रांती हवी आणि कोण कधीच दमत नाही, हे तो नियम न बोलता सांगत असतो.

प्रस्तुत लेखात कुस्ती-व्यवस्थापनाच्या खेळांतील या नियमाची चिकित्सा मल्लेतर कर्मचाऱ्यांच्या बाजूने केली आहे. मल्लेतर म्हणजे प्रत्यक्ष लढत न करणारे, परंतु ज्यांच्यावाचून लढत उभी राहू शकत नाही असे सर्वजण.

२. संकल्पना आणि व्याप्ती

येथे 'कुस्ती' या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दासरशी तालीम, लाल माती आणि वस्ताद उभे राहतात. तेथे लढतीचा निकाल मल्लांच्या बळावर व डावपेचांवर ठरतो आणि पंच तो जाहीर करतो. अमेरिका, ब्रिटन, जपान, मेक्सिको आदी देशांत रुजलेली व्यावसायिक कुस्ती हा वेगळा प्रकार आहे. तिचा निकाल आधी ठरलेला असतो. मात्र पडणे, आदळणे, दमणे आणि बहुतेक दुखापती खऱ्या असतात. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथोलॉजीज' या संग्रहातील पहिल्याच लेखात या प्रकाराचा विचार क्रीडा म्हणून न करता एक दृश्यप्रयोग म्हणून केला. प्रयोग म्हटला की रंगमंचामागची माणसे आली. लढतीचा निकाल ठरवणारा बुकर, मल्लांबरोबर लढतीची आखणी करणारा रोड एजंट, लढतीचा वेळ सांभाळणारा पंच, प्रेक्षकांना कथा सांगणारे निवेदक आणि रिंग उभारणारे कामगार हे सर्व त्या प्रयोगाचे घटक होत.

या व्यवसायावर आधारलेल्या व्यवस्थापन-खेळांची परंपरा आता जुनी झाली आहे. ब्रिटिश रचनाकार ॲडम रायलंड यांचा 'एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज' हा विनामूल्य खेळ २००० च्या दशकाच्या आरंभी प्रसृत झाला. त्यापाठोपाठ २००४ पासून त्यांची 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग' ही मालिका सुरू झाली. पुढे ती 'ग्रे डॉग सॉफ्टवेअर' या नावाखाली प्रकाशित होऊ लागली. तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांपैकी दोन २०२० आणि २०२३ मध्ये आल्या. या खेळात हालचालींची चित्रे नाहीत. तक्ते, याद्या आणि मजकूर यांवरच तो चालतो. याच्या नेमकी उलट जातकुळी 'डब्ल्यूडब्ल्यूई २के' या दृश्यप्रधान मालिकेची. २०२२ च्या मार्च महिन्यात आलेल्या तिच्या '२के२२' या आवृत्तीत 'मायजीएम' हा व्यवस्थापनाचा विभाग समाविष्ट झाला. 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६' या पूर्वीच्या खेळातील अशाच विभागाचे ते पुनरुज्जीवन होते. प्रस्तुत विवेचनात मुख्य भर 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग'वर असून 'मायजीएम'चा विचार तुलनेपुरता केला आहे.

३. थकव्याच्या मोजणीची पार्श्वभूमी

थकवा मोजता येतो ही कल्पना संगणकाच्या बरीच आधीची आहे. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायला लावून स्नायूंची घटती शक्ती आलेखात नोंदवणारे उपकरण तयार केले आणि १८९१ मध्ये थकव्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न तीव्र झाला. त्या अनुभवातून १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. या टप्प्यापर्यंत थकव्याची मुख्य प्रतिमा ही स्नायूंची आणि हातांच्या कामाची होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रतिमेत महत्त्वाची भर पडली. रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहत बसणारे कर्मचारी कोणतेही वजन उचलत नसत. तरीही काही वेळाने त्यांच्या नजरेतून खुणा निसटू लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी यासाठी घड्याळाचा प्रसिद्ध प्रयोग रचला आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकणारा काटा अधूनमधून दुप्पट उडी घेई आणि ती उडी ओळखणे एवढेच निरीक्षकाचे काम असे. दोन तासांच्या या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच अचूकता लक्षणीय घटत असल्याचे दिसून आले. म्हणजे शरीर स्वस्थ बसलेले असतानाही अवधान दमते. पुढे आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात विमानातील सेविकांच्या उदाहरणावरून भावनिक श्रमाची संकल्पना मांडली. कामाचा भाग म्हणून ठरावीक भाव चेहऱ्यावर आणि आवाजात धारण करणे हेही श्रम आहेत आणि त्यांचीही किंमत करणाऱ्याला मोजावी लागते, असे त्यांनी दाखवून दिले.

स्नायूंचा, अवधानाचा आणि भावनेचा असे थकव्याचे हे तीन प्रकार पुढील विवेचनात आधारभूत धरले आहेत. कुस्तीच्या खेळांनी यांपैकी पहिला प्रकार उचलला आणि उरलेल्या दोहोंना फारसे स्थान दिले नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

४. खेळांतील थकव्याची रचना

'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग'मध्ये प्रत्येक व्यक्ती अनेक गुणांच्या आकड्यांनी बनलेली असते. मल्लाचा दम, चपळाई, बळ आणि सोशिकता यांचे आकडे वेगळे असतात. दम कमी असलेल्या मल्लाला दीर्घ लढत दिली तर तो शेवटी शेवटी थकतो आणि लढतीचे गुणांकन खाली येते. एकाच कार्यक्रमात एका मल्लाला दोनदा रिंगमध्ये उतरवले तरी तेच घडते. अलीकडच्या आवृत्त्यांत या तात्कालिक दमछाकीच्या जोडीला दीर्घकाळ साचत जाणाऱ्या थकव्याचाही विचार आला. सतत लढणारा मल्ल हळूहळू झिजतो, त्याला दुखापतीचा धोका वाढतो आणि शहाणा व्यवस्थापक त्याला काही काळ विश्रांती देतो. ही रचना निःसंशय चांगली आहे. लोकप्रिय मल्लाला दर आठवड्याला मुख्य लढतीत जुंपण्याचा मोह ती आवरते आणि मल्ल हे हाडामांसाचे माणूस आहे याची आठवण खेळणाऱ्याला करून देते.

विशेष म्हणजे या मालिकेच्या काही आवृत्त्यांत प्रेक्षकांच्या दमण्याचाही विचार आढळतो. लागोपाठ उत्कट लढती ठेवल्या तर प्रेक्षागृह थंडावते आणि पुढच्या चांगल्या लढतीलाही अपेक्षित प्रतिसाद मिळत नाही. म्हणजे खुर्चीवर बसून पाहणाऱ्याचा शिणवटाही रचनाकाराच्या नजरेतून सुटलेला नाही. या पार्श्वभूमीवर मल्लेतर कर्मचाऱ्यांचे स्थान पाहण्यासारखे आहे. पंचाला पंचगिरीच्या कौशल्याचा आकडा असतो आणि निवेदकांना निवेदनाचा. हे आकडे लढतीच्या अंतिम गुणांकनात आपला वाटा टाकतात. चांगला निवेदक लढत उंचावतो आणि वाईट पंच तिला खाली खेचतो. मात्र साचत्या थकव्याच्या हिशेबाचा मुख्य आधार प्रत्यक्ष लढत हाच राहिल्याने, ज्याला लढायचेच नाही त्याचे श्रम त्या हिशेबात नैसर्गिकपणे बसत नाहीत. पहिल्या लढतीला लागू होणारा निवेदकाचा आकडा आणि त्याच रात्रीच्या शेवटच्या लढतीला लागू होणारा आकडा यांत त्याच्या दमण्यामुळे पडणारे अंतर खेळणाऱ्याच्या निर्णयाचा विषय बनत नाही.

'मायजीएम'मध्ये हे चित्र अधिक ठळक होते. तेथे प्रत्येक मल्लासमोर दमाची पट्टी असते. लढत केली की ती उतरते आणि विश्रांती दिली की चढते. पट्टी फार उतरली की दुखापतीची भीती असते. कार्यक्रमाची तांत्रिक बाजू मात्र खर्चाच्या पर्यायांतून येते. प्रेक्षागृह, जाहिरात, दृश्यपरिणाम यांबरोबरच कामगारांचा ताफाही कमी-अधिक दराने घेता येतो. थोडक्यात, एका बाजूला नाव, चेहरा आणि दम असलेली माणसे आहेत आणि दुसऱ्या बाजूला दर असलेली सेवा आहे. सेवेचा दर्जा किंमतीनुसार बदलतो, परंतु सेवा देणारे कधी दमत नाहीत.

५. मल्लेतर श्रमांचे प्रत्यक्ष स्वरूप

खेळाच्या या रचनेचे मूल्यमापन करण्यासाठी व्यवसायातील प्रत्यक्ष कामे काय आहेत, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

(अ) पंच : व्यावसायिक कुस्तीतील पंच हा न्यायाधीशाची भूमिका करणारा समन्वयक असतो. दूरचित्रवाणीवरील मोठ्या कार्यक्रमांत त्याच्या कानात श्रवणयंत्र असते. पडद्यामागून येणाऱ्या वेळेच्या सूचना तो मल्लांपर्यंत प्रेक्षकांच्या नकळत पोहोचवतो. मल्ल खरोखर जखमी झाला आहे की जखमी झाल्याचा अभिनय करतो आहे, हे त्यालाच प्रथम ताडावे लागते. खरी दुखापत असल्यास दोन्ही हातांची फुली करून तो बाहेर खूण करतो. शिवाय प्रसंगी त्यालाही आपटून घ्यावे लागते. टॉमी यंग या नामवंत अमेरिकन पंचाची नियमित कारकीर्द १९८९ मध्ये लढतीदरम्यान झालेल्या मानेच्या दुखापतीमुळे खंडित झाली. म्हणजे पंचाच्या कामात स्नायू आणि अवधान असे दोन्ही श्रम आहेत. त्यांपैकी दुसऱ्याची झीज अधिक घातक ठरू शकते. दमलेल्या पंचाने मोजणीचा तिसरा हात क्षणभर उशिरा आपटला तर लढत विस्कटते. जखमी मल्लाकडे पाहण्यात त्याने क्षणभर उशीर केला तर त्याची किंमत मल्लाला मोजावी लागते.

(आ) निवेदक : निवेदकाचे काम बसून करायचे असल्याने ते हलके वाटते. 'मंडे नाइट रॉ' हा कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ रोजी एका तासाचा म्हणून सुरू झाला. १९९७ मध्ये तो दोन तासांचा झाला आणि २३ जुलै २०१२ रोजीच्या हजाराव्या भागापासून नियमितपणे तीन तासांचा. मल्लांच्या दृष्टीने वाढलेला तास म्हणजे आणखी काही लढती. त्या निरनिराळ्या मल्लांत वाटल्या जातात. निवेदकाच्या दृष्टीने मात्र तो तास संपूर्णपणे त्याचाच असतो. त्याला रिंगकडे, समोरच्या पडद्याकडे आणि कानातील सूचनांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. शिवाय प्रत्येक लढत ही आयुष्यातील पहिलीच पाहत असल्यासारखा आवेश आवाजात ठेवावा लागतो. मॅकवर्थचे अवधान आणि हॉखशील्ड यांचे भावनिक श्रम यांचा येथे संगम होतो. निवेदकाचा थकवा मोठ्या चुकीच्या रूपाने क्वचितच येतो. तो शब्दांच्या पुनरुक्तीत, सपाट झालेल्या आवाजात आणि निसटलेल्या संदर्भांत दिसतो. परिणामी उत्तरार्धातील तरुण मल्लांची लढत प्रेक्षकांपर्यंत अर्धवट पोहोचते आणि कमी गुणांचा दोष त्या मल्लांच्या माथी जातो.

(इ) रोड एजंट : हे बहुधा निवृत्त मल्ल असतात, आजकाल त्यांना निर्माता असेही म्हणतात. लढतीची सुरुवात, वळणे आणि शेवट यांची आखणी ते मल्लांबरोबर बसून करतात. त्यानंतर 'गोरिला पोझिशन' या जागेवरून ते लढतीवर लक्ष ठेवतात. पडद्यालगतची ही जागा गोरिला मॉन्सून या मल्ल-निवेदकाच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे श्रम हे निर्णयाचे श्रम आहेत. एका संध्याकाळी चार लढती सांभाळणाऱ्या रोड एजंटाने चौथीच्या शेवटात पहिलीचाच शेवट थोडा फिरवून वापरला, तर ती त्याच्या थकव्याची खूण असते. प्रेक्षकाला मात्र केवळ तोचतोचपणा जाणवतो.

(ई) रिंग उभारणारे कामगार : रिंग ही साधारणतः १६ ते २० फूट बाजूची पोलादी सांगाड्यावरची रचना असते. तिच्यावर फळ्या, त्यांवर गादीचा थर आणि वर ताणलेले कापड असते. ती कार्यक्रमापूर्वी उभारायची आणि प्रेक्षक गेल्यावर उतरवून मालमोटारीत चढवायची असते. लहान संस्थांत हे काम अनेकदा पंच आणि उमेदवार मल्लच करतात. येथे थकव्याचा अर्थ सर्वांत स्पष्ट आहे. घाईत नीट न कसलेली दोरी किंवा जागेवरून सरकलेली फळी ही एखाद्या मल्लाच्या पाठीची वा गुडघ्याची दुखापत होऊ शकते.

या चारही भूमिकांत एक समान सूत्र आढळते. मल्ल दमला तर त्याची स्वतःची लढत बिघडते. मल्लेतर कर्मचारी दमला तर दुसऱ्याची लढत बिघडते आणि अनेकदा बिघाडाचे मूळ कोणालाच दिसत नाही. हे काम उत्तम झाले म्हणजे ते दिसत नाही, हीच त्याची कसोटी असते. पंचाचे उत्तम काम म्हणजे पंच आठवणीत न राहणे. न दिसण्याची ही व्यावसायिक अट खेळाच्या हिशेबातही नकळत उतरली आहे.

६. दुहेरी भूमिकांचा प्रश्न

भूमिका आणि शरीर यांची खेळांनी केलेली विभागणी कोठे अपुरी पडते, हे दोन सर्वज्ञात घटनांवरून दिसते. १० सप्टेंबर २०१२ रोजी माँट्रियल येथील 'रॉ'च्या थेट प्रक्षेपणात ६२ वर्षांचे जेरी लॉलर यांनी प्रथम एका जोडीच्या लढतीत भाग घेतला आणि नंतर ते आपल्या नेहमीच्या निवेदनाच्या जागी बसले. तेथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उर्वरित लढती निवेदनाविना दाखवल्या गेल्या आणि सहनिवेदक मायकेल कोल यांनी प्रकृतीची माहिती तेवढी प्रेक्षकांना दिली. लॉलर पुढे बरे झाले. या आजाराचे कारण थकवा होते असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे येथे सुचवायचेही नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या रात्री मल्ल लॉलर आणि निवेदक लॉलर अशी दोन शरीरे नव्हती. भूमिकेनुसार थकवा मोजणारी व्यवस्था लढत संपताच त्यांना मोकळे समजते, प्रत्यक्षात त्यांचे अर्धे काम अद्याप उरलेले असते.

दुसरी घटना जपानमधील आहे. मित्सुहारु मिसावा हे 'प्रो रेसलिंग नोआ' या २००० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते आणि त्याच वेळी तिचे आघाडीचे मल्लही होते. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथील लढतीत ते रिंगमध्ये कोसळले आणि त्याच दिवशी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. येथेही एका कारणाकडे बोट दाखवणे उचित नाही. परंतु संस्थेच्या अध्यक्षपदाचे ओझे आणि मल्लाच्या देहाची झीज ही एकाच माणसाने वाहिली होती, एवढे निर्विवाद आहे. विश्रांती घ्यायची की नाही हे ठरवणारा आणि जिला विश्रांती हवी ती व्यक्ती एकच असेल, तर विश्रांतीचा निर्णय कोण घेणार, हा प्रश्न ही घटना उभा करते. व्यवस्थापन-खेळात हा प्रश्न उद्भवत नाही. कारण तेथे व्यवस्थापकाला शरीरच नसते.

७. न दमणारा बुकर

यातूनच खेळांच्या रचनेतील सर्वांत मोठ्या मल्लेतर कर्मचाऱ्याकडे लक्ष जाते, तो म्हणजे स्वतः खेळणारा. 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग'मध्ये खेळणारा बुकर असतो. निकाल ठरवणे, कथानके रचणे, करार करणे, मल्लांच्या तक्रारी ऐकणे ही सर्व कामे तो करतो. खेळाच्या पडद्यावर त्याच्या दमाची कोणतीही पट्टी नाही. मात्र त्याचा थकवा अगदी खरा असतो. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम, प्रत्येकात सहा-सात लढती आणि मधले प्रसंग, असे काही खेळवर्षे करत राहिल्यावर निर्णयांत शैथिल्य येते. तेच मल्ल, त्याच जोड्या आणि तेच शेवट पुन्हा येऊ लागतात. कार्यक्रमाची आखणी संगणकावर सोपवण्याची सोय या खेळात आहे. ती केवळ नवख्यांच्या उपयोगाची नाही. दमलेल्या बुकरला विसावा देण्याचे ते एक साधनही आहे, असे म्हणता येईल.

या निरीक्षणाचे महत्त्व असे की, मल्लेतर थकवा खेळात मुळीच नाही असे नाही. तो खेळणाऱ्याच्या देहात आहे आणि त्याचा परिणाम मल्लांच्या गुणांकनात उतरतो. एखाद्या मल्लाची लोकप्रियता घटते ती त्याच्या दोषामुळे नव्हे, तर त्याला तिसऱ्यांदा तेच कथानक मिळाल्यामुळे. म्हणजे खेळणारा स्वतःच्या अनुभवातून तेच तत्त्व सिद्ध करत असतो, जे खेळाच्या नियमांत लिहिलेले नाही.

८. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, खेळ हे वास्तवाचे संक्षिप्त रूप असते आणि प्रत्येक पंच व कामगाराच्या दमाची पट्टी दिली तर खेळ कंटाळवाणा होईल. हा आक्षेप ग्राह्य आहे. किंबहुना मल्लेतर कर्मचाऱ्यांनाही मल्लांसारखीच पट्टी द्यावी, ही मागणीच येथे नाही. तशी पट्टी दिली तर पंचाला 'विश्रांती' या कळीने एक आठवडा बाजूला ठेवून प्रश्न सुटल्याचा आभास होईल. शिवाय त्याच्या थकव्याचा परिणाम त्याच्याच नावापुढे दिसेल, जो प्रत्यक्षात दुसऱ्याच्या नावापुढे पडतो.

दुसरा आक्षेप असा की, अशा थकव्याचे प्रतिरूपण करणे शक्यच नाही. याला एका शेजारच्या खेळप्रकाराचे उदाहरण उत्तर देते. 'फुटबॉल मॅनेजर' या मालिकेत प्रशिक्षकांच्या कार्यभाराचा विचार केलेला आहे. एकाच प्रशिक्षकाकडे सरावाची अनेक अंगे सोपवली तर त्याचा भार वाढतो आणि त्या सरावाची गुणवत्ता घटते. येथे प्रशिक्षकाच्या शरीराची पट्टी नाही. भार कामावर मोजला आहे आणि परिणाम खेळाडूंच्या प्रगतीत उतरला आहे. मल्लेतर श्रमांचे स्वरूप याहून फारसे वेगळे नाही. एका पंचाकडे एका रात्रीत किती लढती आहेत, एक निवेदक-जोडी सलग किती तास बसली आहे, एका रोड एजंटाकडे किती लढती सोपवल्या आहेत, हे मोजणे संगणकाला मुळीच अवघड नाही. आखणीच्या तक्त्यात ही माहिती बहुतांशी आधीच असते किंवा सहज भरता येते. तिच्याकडे भार म्हणून पाहण्याची दृष्टी तेवढी हवी.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कुस्ती-व्यवस्थापनाच्या खेळांतील थकव्याची कल्पना प्रामुख्याने स्नायूंच्या थकव्यावर उभी आहे. अवधानाचा आणि भावनेचा थकवा तिच्यात पुरेसा सामावलेला नाही.

२) मल्लेतर कर्मचाऱ्यांचा थकवा हस्तांतरित स्वरूपाचा असतो. त्याचे परिणाम दुसऱ्याच्या कामगिरीत दिसतात. म्हणून व्यक्तीच्या नावापुढची एक पट्टी त्याच्या मोजणीस अपुरी आहे.

३) हा थकवा कामाच्या भारावरून मोजणे अधिक योग्य ठरेल. कार्यक्रमाच्या लांबीबरोबर मल्लांचे काम वाटले जाते, परंतु निवेदक व पंच यांचे काम साचत जाते, हा फरक प्रतिरूपणात येणे आवश्यक आहे.

४) एकाच व्यक्तीच्या अनेक भूमिका असल्यास भार भूमिकेनुसार न मोजता त्या व्यक्तीच्या एकूण दिवसावर मोजला पाहिजे.

१०. समारोप

कोणत्याही व्यवस्थेत ज्याच्या श्रमांची नोंद होते त्यालाच विश्रांतीचा हक्क मागता येतो. व्यवस्थापनाचे खेळ अनेक तरुण तासन्‌तास खेळतात आणि त्यांतून त्यांना माणसांकडे पाहण्याची एक सवय लागते. पट्टी उतरली की विश्रांती द्यावी, हा त्या सवयीचा चांगला भाग आहे. ज्याच्यापुढे पट्टीच नाही तो दमत नाही, हा तिचा धोकादायक भाग आहे. आपल्या तालमीतही मातीत हळद, तेल आणि ताक मिसळून आखाडा खणून मऊ ठेवावा लागतो. पाठ टेकलेल्या मल्लाला फार लागत नाही, याचे श्रेय त्या खणणाऱ्या हातांनाही असते. व्यावसायिक कुस्तीची रिंग याला अपवाद नाही. त्या हातांचा भार ज्या दिवशी खेळाच्या तक्त्यात एखाद्या स्तंभाची जागा मिळवील, त्या दिवशी हे खेळ आपल्या विषयाशी अधिक प्रामाणिक होतील आणि मल्लांचाही हिशेब तेव्हाच खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.